धाप लागणाऱ्या माणसाचा दिवस

श्वास ही गोष्ट अशी आहे कीं, ती सुरळीत चालली असतां तिची आठवण कोणासहि होत नाहीं. चालतांना, बोलतांना, निजतांना ती आपली आपण चालू असते. परंतु ज्याचीं फुप्फुसें कायमचीं बिघडलीं आहेत त्याला उठल्यापासून निजेपर्यंत दुसरें कांहीं आठवतच नाहीं. न्हाणीघरापर्यंत जावयाचें तर मध्यें कोठें टेकतां येईल, जिन्याला पायऱ्या किती आहेत, वाक्य पुरें करण्याइतका दम छातींत आहे कीं नाहीं, असे हिशेब त्याचें मन सारखें करीत असतें. घरच्या मंडळींस हे हिशेब दिसत नाहींत. त्यांना दिसतो तो खोकला, आणि ऐकूं येते ती धाप.

ह्या लेखांत औषधांची चर्चा करण्याचा आमचा उद्देश नाहीं. ती ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीं करावयाची आहे. हा आजार घेऊन माणूस दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षें जगतो. तीं वर्षें तो कशीं जगतो, आणि त्यांत घराचा हात किती असतो, एवढाच प्रश्न आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचा आहे. मांडण्याचें कारणहि घरचेंच आहे.

काकूंची खोली

आमच्या थोरल्या काकूंनीं जन्मांत कधीं विडी ओढली नाहीं, हें सांगावयास नकोच. लग्न होऊन त्या कोंकणांतल्या आमच्या घरीं आल्या तेव्हां स्वयंपाक चुलीवर होत असे. पावसाळ्यांत ओलीं लांकडें, बसकें स्वयंपाकघर, धूर जावयास कौलांमधली फट, आणि वीस-पंचवीस पानांचा दोन वेळचा स्वयंपाक. सुमारें वीस वर्षें त्यांनीं फुंकणीनें विस्तव फुंकला. पुढें गॅस आला, बिऱ्हाड पुण्यास आलें, आणि धुराची कोणास आठवण राहिली नाहीं. साठीच्या सुमारास खोकला लागला तो थांबेना. मग जिना चढतांना दम लागूं लागला. "वयोमानानें व्हावयाचेंच," असें म्हणण्यांत चार-पांच वर्षें गेलीं. अखेर छातीच्या डॉक्टरांनीं यंत्राच्या नळींत फुंकर मारवून पाहिली आणि सी.ओ.पी.डी. असें निदान केलें.

सी.ओ.पी.डी. म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा दीर्घकालीन विकार. आपल्याकडे त्यालाहि सरसकट दमाच म्हणतात. परंतु खरा दमा येतो आणि जातो, मधल्या काळांत माणूस मोकळा असतो. हा विकार मुक्कामास येतो. औषधानें तो आटोक्यांत राहतो, पण गेलेलें फुप्फुस परत येत नाहीं.

निदान झाल्यावर घरांतील सगळीं एकदम सावध झालीं. काकूंची खोली माडीवरून खालीं आणली. "तुम्ही बसा, आम्ही करतों," हें वाक्य दिवसांतून वीस वेळां त्यांच्या कानीं पडूं लागलें. देवपूजेची तयारी धाकट्या काकूंकडे गेली, भाजी निवडणें सुनेकडे गेलें, नातवंडांस शाळेच्या रिक्षापर्यंत पोंचविणें थांबलें, समोरच्या देवळांत जाणें थांबलें. पुढें पुढें जेवणाचें ताटहि खोलींत जाऊं लागलें. हें सर्व आम्हीं प्रेमानेंच केलें, आणि तें करतांना आपण कोठें चुकत आहों अशी शंकाहि आमच्या मनांत आली नाहीं.

दीड वर्षानें पाहतों तों काकूंना खोलीच्या दारापर्यंत यावयासहि दोनदां थांबावें लागे. आजार वाढला, असें आम्हीं गृहीत धरलें. डॉक्टरांनीं पुन्हां नळी फुंकवून पाहिली, तों आंकडा जवळजवळ पूर्वींचाच होता. कागद बाजूला ठेवून ते म्हणाले, "फुप्फुसें होतीं तेथेंच आहेत. गेले आहेत ते पाय." मग काकूंकडे वळून त्यांनीं विचारलें, "काकू, तुम्हांला काय करावेंसें वाटतें?"

हा प्रश्न दीड वर्षांत आमच्यापैकीं कोणींहि विचारला नव्हता. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अंगणांतल्या तुळशीला माझ्या हातानें पाणी घालावेंसें वाटतें." डॉक्टरांनीं विचारलें, "तुळस किती लांब आहे?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. काकू लगेच म्हणाल्या, "चाळीस पावलें."

आंकडा आणि आयुष्य

फुप्फुसांची हवा मोजण्याचें यंत्र लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनीं १८४६ सालीं लोकांपुढें आणलें. दोन हजारांहून अधिक माणसांस फुंकावयास लावून त्यांनीं मापें घेतलीं होतीं. आज त्याच जातीच्या यंत्रानें, जोरानें फुंकलें असतां पहिल्या सेकंदांत किती हवा बाहेर पडते तें मोजतात आणि त्यावरून रोग ओळखतात. हें माप आवश्यकच आहे; तें केल्यावांचून निदान पक्कें होत नाहीं. पण तें फुप्फुसाचें माप आहे, माणसाचें नव्हे. सारखाच आंकडा असलेल्या दोन रोग्यांपैकीं एक बाजारांत जाऊन भाजी आणतो आणि दुसरा अंथरुणावरून उठत नाहीं, असें डॉक्टरांना वारंवार दिसून येतें.

म्हणून रोग्याच्या दिवसाचेंच माप घेण्याच्या रीति निघाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर चार्ल्स फ्लेचर यांनीं ब्रिटनमध्यें धापेच्या पांच पायऱ्या ठरविल्या. वेल्समधील कोळशाच्या खाणींत काम करून छाती बिघडलेले मजूर त्यांच्या नित्य पाहण्यांतले होते. फार श्रम केले तरच दम लागतो, ही पहिली पायरी. कपडे बदलतांनाहि दम लागतो आणि घराबाहेर पडवत नाहीं, ही शेवटची. पुढें लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयांतील पॉल जोन्स व त्यांचे सहकारी यांनीं १९९२ सालीं पन्नास प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यांत शंभर गुण म्हणजे अत्यंत हलाखी. शंभरांतले चार गुण कमी झाले तरी रोग्याला स्वतःस फरक कळतो, असें मानतात. पुढें २००९ सालीं आठच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली निघाली. खोकला, कफ, छातीचा आवळलेपणा आणि चढावरची धाप यांजबरोबरच, घरांतलीं कामें करवतात का, बाहेर पडण्याचा धीर होतो का, झोंप लागते का, अंगांत उमेद आहे का, हेंहि तिच्यांत विचारलें आहे.

वाचकांनीं ह्या प्रश्नांकडे नीट पाहावें. आठांपैकीं निम्मे प्रश्न छातीचे नाहींत. ते घराचे, झोंपेचे आणि मनाचे आहेत. त्यांचीं उत्तरें बदलणें हें केवळ डॉक्टरांच्या हातीं नसतें.

श्वास कोंडतो कसा?

धाप लागलेल्या माणसाला वाटतें कीं, आपल्याला श्वास घेतां येत नाहीं. खरी अडचण उलटी असते. त्याला श्वास सोडतां येत नाहीं. लोहाराचा भाता पुरता मिटण्यापूर्वींच पुन्हां पुन्हां उघडला तर त्यांत नवी हवा किती शिरणार? अरुंद झालेल्या नलिकांतून हवा सावकाश बाहेर पडते. माणूस घाईनें चालूं लागला कीं श्वास जलद होतो, आधींची हवा बाहेर पडण्यापूर्वींच पुढची आंत येते, आणि छाती हवेनें ठासून भरते. भरलेल्या छातींत आणखी भरण्याची धडपड म्हणजेच ती धाप.

धाप लागते म्हणून माणूस चालावयाचें टाळतो. चाललें नाहीं म्हणजे मांड्यांचे स्नायु रोडावतात. रोडावलेल्या स्नायूंना थोड्या कामालाहि अधिक प्राणवायु लागतो, म्हणून पूर्वीं जिन्यावर लागणारी धाप आतां सपाटीवर लागते. मग माणूस आणखी बसतो. दर फेऱ्याबरोबर त्याचें जग लहान होतें. प्रथम गांव, मग गल्ली, मग अंगण, मग खोली. आमच्या काकूंच्या बाबतींत ह्या चक्राला ढकलणारे हात आमचेच होते. "तुम्ही बसा" असें म्हणून आम्ही त्यांचे पाय काढून घेत होतों.

चालणें हेंच औषध

ह्या चक्राची उलटी फिरकी म्हणजे ज्याला इंग्रजींत पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात तो श्वसन-पुनर्वसनाचा कार्यक्रम. नांव मोठें असलें तरी गोष्ट साधी आहे. सहा ते बारा आठवडे, आठवड्यांतून दोन-तीन वेळां, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं चालणें, हातापायांचे व्यायाम, श्वास सोडण्याची रीत, आहाराचा सल्ला, आणि आजाराविषयीं मोकळें बोलणें. २०१५ सालीं कॉक्रेन संस्थेनें अशा ६५ प्रयोगांचा, म्हणजे ३,८२२ रोग्यांचा, एकत्र आढावा घेतला. धाप, थकवा, मनाची उभारी आणि आजारावर आपला कांहीं ताबा आहे ही भावना, ह्या सर्वांत सुधारणा झालेली आढळली. पुरावा इतका स्पष्ट होता कीं, नेहमींच्या उपचारांशीं ह्याची तुलना करणारे आणखी प्रयोग करण्याची आतां गरज नाहीं, असें ठरलें. आणि नवल असें कीं, इतकें होऊनहि नळींत फुंकण्याचा तो आंकडा जवळजवळ हालत नाहीं. फुप्फुस तेंच राहतें, दिवस बदलतो.

काकूंना प्रथम रुग्णालयाच्या लांब पडवींत सहा मिनिटें चालावयास लावलें. थांबत थांबत त्या एकशें दहा मीटर चालल्या. मग घरीं रोज दोन मिनिटें चालणें, बसणें, पुन्हां दोन मिनिटें चालणें; खुर्चीवरून हात न टेकतां पांच वेळां उठणें; पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातांत घेऊन वर करणें. ओठ आवळून हळूहळू श्वास सोडावयास फिजिओथेरपिस्ट बाईंनीं शिकविलें तेव्हां काकू हंसून म्हणाल्या, "अहो, ही तर फुंकणीच कीं!" बाई म्हणाल्या, "फुंकणीच. पण विस्तव फुलवावयाचा नाहीं. समोर ज्योत असेल तर ती हालावी, विझूं नये, इतक्या हळू." असा सावकाश श्वास सोडला म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडण्यास अवसर मिळतो. जिना चढतांना, ओझें उचलतांना, वाकतांना, म्हणजे जेव्हां कष्ट पडतील तेव्हां श्वास सोडावा, हा दुसरा नियम.

पहिल्या पंधरवड्यांत धाप लागली कीं आम्हां सगळ्यांचा धीर सुटे. "राहूं द्या आजच्या दिवस," असें कोणी ना कोणी म्हणेच. चालतांना लागणारी आणि बसल्यावर थोड्या वेळांत शमणारी धाप अपाय करीत नाहीं, हें समजावयास काकूंपेक्षां आम्हांसच अधिक वेळ लागला. आठ आठवड्यांनीं त्या त्याच पडवींत एकशें साठ मीटर चालल्या. परंतु आमच्या घरीं त्या आंकड्याची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. एके दिवशीं सकाळीं त्या तांब्या घेऊन एकट्या अंगणांत गेल्या, त्याचीच काढतात.

अशीं केंद्रें मोठ्या शहरांतच, आणि तींहि थोडीं आहेत. पण डॉक्टरांची संमति घेऊन आणि एकदां जाणत्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेऊन घरच्या ओसरींतहि बरेंच करतां येतें.

घरानें काय करावें?

हात खांद्यांच्या वर नेऊन करावयाचीं कामें ह्या रोग्यांस फार जड जातात, कारण श्वासाला मदत करणारे खांद्याचे स्नायु त्या वेळीं दुसरीकडे गुंततात. वेणी घालणें, दोरीवर कपडे वाळत घालणें, फळीवरचा डबा काढणें हीं तीं कामें. म्हणून काम काढून न घेतां कामाची जागा बदलावी. दोरी खालीं बांधावी, रोजचे डबे कमरेच्या उंचीवर ठेवावे, स्नान स्टुलावर बसून करूं द्यावें, भाजी टेबलाशीं बसून चिरूं द्यावी. काम सावकाश होईल, होऊं द्यावें. हातांतून काम ओढून घेण्याचा मोह आवरणें, हीच ह्या सेवेंतली अवघड गोष्ट आहे.

आहाराविषयीं आपल्या घरांतून फार गैरसमज आहेत. कफ होतो म्हणून दही बंद, केळें बंद, दूध बंद. त्यांत एकादशी आणि चातुर्मासाचे उपवास. ह्या रोगांत श्वास घेण्यालाच बरीच शक्ति खर्च होते, आणि वजन घटत जाणें हें वाईट लक्षण आहे. एकाच वेळीं पोट भरून जेवल्यास तें छातीच्या पडद्याला वर दाबतें. म्हणून थोडें थोडें, पण दिवसांतून पांच-सहा वेळां द्यावें, आणि त्यांत डाळी, उसळी, दूध, दही असूं द्यावें. उपवासाचा प्रश्न ज्याचा त्यानें श्रद्धेनें सोडवावा, परंतु डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडवूं नये.

धुराविषयीं बोलतांना आम्हांस संकोच वाटतो, पण बोललें पाहिजे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें दाखवून दिलें कीं, ह्या रोगाच्या रोग्यांपैकीं शेंकडा २५ ते ४५ जणांनीं कधींच धूम्रपान केलेलें नसतें. चुलीचा धूर हें त्याचें एक मोठें कारण. भारतांत १९९० सालीं सुमारें २ कोटी ८१ लाख रोगी होते, ते २०१६ सालीं ५ कोटी ५३ लाखांवर गेले, असा अंदाज २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. चूल आपल्या घरांतून गेली, परंतु धूर गेला आहे काय? डांसांची एक वेटोळी अगरबत्ती बंद खोलींत जळली तर तिच्यांतून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या इतके भरतात, असें २००३ सालच्या एका अभ्यासांत आढळलें. डांसांसाठीं मच्छरदाणी आहे. देवापुढें फूल आणि निरांजन असतांना धूप व उदबत्ती नसल्यानें भक्ति उणी पडते असें आम्हांस वाटत नाहीं. आणि घरांतील कोणी सिगारेट ओढीत असेल, तर त्याला गच्चीवर पाठवून काम भागत नाहीं. ती सोडावी हेंच उत्तर.

फवाऱ्याच्या औषधाची सवय लागते, हा समजहि टाकून द्यावा. तें सरळ श्वासनलिकेंत जातें म्हणून थोडें पुरतें. मात्र ओढण्याची रीत डॉक्टरांसमोर करून दाखवावी, कारण ती पुष्कळांची चुकते. ज्यांच्या रक्तांत प्राणवायु फारच कमी असतो त्यांना घरीं ऑक्सिजनचें यंत्र देतात. दिवसांतून निदान पंधरा तास तो घेतल्यास अशा रोग्यांचें आयुष्य वाढतें, असें १९८० आणि १९८१ सालीं अमेरिका व ब्रिटन येथील प्रयोगांनीं सिद्ध केलें. परंतु तो कोणीं आणि किती घ्यावा हें डॉक्टरांनींच ठरवावें. अधिक झाला तर कांहींना अपायहि होतो. यंत्र चालू असतां जवळ गॅस, निरांजन, काडी कांहींहि पेटवूं नये. आणि नळी नाकाला लागली म्हणजे अखेर जवळ आली, असें समजून माणसाला खोलींत लपवूं नये. नळी लांब असते; तिच्यासह ओटीवर येऊन बसतां येतें.

एक उपाय मात्र आपल्या आज्यांना ठाऊक होता. धाप लागली कीं त्या विंझणा घेऊन तोंडावर वारा घालीत. इंग्लंडांत २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत पन्नास रोग्यांवर हातांतला लहान पंखा पांच मिनिटें प्रथम चेहऱ्यावर व मग पायावर, किंवा उलट क्रमानें, चालवून पाहिला. चेहऱ्यावरच्या वाऱ्यानें धाप कमी वाटली. काकूंच्या उशापाशीं आतां वाळ्याचा विंझणा असतो.

मनाची धाप

रात्रीं दोन वाजतां श्वास कोंडून जाग येते तेव्हां जें वाटतें, त्याला भीति हा शब्द अपुरा आहे. भीतीनें श्वास जलद होतो, आणि जलद श्वासानें छाती आणखी भरते. अशा वेळीं भोंवतीं दहा माणसांनीं गर्दी करून "काय होतंय?" असें विचारण्यापेक्षां एकानेंच शेजारीं बसावें, रोग्याला हात मांड्यांवर टेकून किंचित् पुढें वाकवावें, आणि त्याच्याबरोबर स्वतः हळूहळू श्वास सोडावा. बोलावयास लावूं नये. ओठ निळसर दिसूं लागले, कफाचा रंग बदलला, नेहमींच्या औषधानें धाप शमेना, किंवा माणूस गुंगींत बोलूं लागला, तर सकाळची वाट न पाहतां डॉक्टर गांठावा.

दिवसाची उदासी निराळी. "आतां मी कोणाच्या उपयोगाची?" असें काकू एकदां म्हणाल्या होत्या. त्याला "असें बोलूं नये" हें उत्तर नव्हे. त्यांना उपयोगाचें काम देणें हें उत्तर. हल्लीं धाकट्या नातवाचे पाढे त्या घेतात, लोणच्याचें मीठ त्याच ठरवितात, आणि गुरुवारच्या भजनास रिक्षानें जातात. सूर लांबवितां येत नाहीं म्हणून त्या टाळ धरतात.

आणि ज्या घरांत असा रोगी आहे तेथें रात्रीं कोण उठतें, हेंहि पाहावें. बहुधा एकच सून उठते. सेवेची वाटणी करणें हें एकत्र कुटुंबाचें खरें बळ आहे. तें वापरलें नाहीं तर एकाच्या छातीचा आजार दुसरीच्या आयुष्याला लागतो.

काकू बऱ्या झाल्या, असें सांगून आम्ही वाचकांची फसवणूक करणार नाहीं. गेल्या पावसाळ्यांत त्यांना सर्दीचें निमित्त होऊन सहा दिवस रुग्णालयांत राहावें लागलें. परत आल्या तेव्हां तुळस पुन्हां लांब गेली होती. दाराशीं येण्यापासून सर्व पुनः आरंभावें लागलें. आतां दर वर्षीं फ्लूची लस न चुकतां टोंचतों. न्यूमोनियाचीहि टोंचली आहे. आजार पुढें सरकणार, हें त्यांना ठाऊक आहे आणि आम्हांसहि. तोंपर्यंतचे दिवस मात्र त्यांचे आहेत.

ज्यांच्या घरीं असें माणूस असेल त्यांनीं आज संध्याकाळीं त्याच्यापाशीं घटकाभर बसावें. खोकला कसा आहे, हें रोजचें विचारून झाल्यावर, तुम्हांला काय करावेंसें वाटतें, हेंहि विचारावें, आणि उत्तर यावयास वेळ लागला तरी थांबावें. मग तेथपर्यंत पावलें किती आहेत, तें आपण स्वतः उठून मोजावें.